ब्लाउजच्या हुकांची मालगाडी

आमच्या आक्काच्या लग्नात रुखवतात रेल्वे होती. चालणारी! हे आधीच सांगून टाकते, कारण माझ्या पोटात काही राहत नाही. खरं तर ती रेल्वे झाली तीच मुळी माझ्या पोटात काही राहत नाही म्हणून.

गोष्ट मागच्या उन्हाळ्यातली. सध्या मी टायपिंगच्या क्लासला जाते अन् हे सगळं तिथल्याच मशीनवर बडवायलेय. सरांना वाटतंय, पोरगी लय सराव करायलीय.

तर आक्का. माझी थोरली बहीण. मानवतात आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज तीच शिवायची. स्वभावानं एकदम गप्प. तिच्या तोंडात कायम दोन टाचण्या असतात, त्यामुळं बोलायची सोयच नाही, असं माय म्हणायची. माझ्याही तोंडात कुणी टाचण्या द्याव्यात, असंही माय म्हणायची, पण ते जाऊ द्या.

आक्काला पूर्णेचं स्थळ आलं. मुलगा रेल्वेत. पूर्णेच्या यार्डात डबे जोडायचं काम. म्हणजे इंजिन मागं मागं येऊन डब्याला टेकतं, हा मधी शिरून आकडा अडकवतो, बाहेर येऊन झेंडी दाखवतो, की गाडी निघाली. एवढं ऐकूनच मला तो पसंत पडला होता. आक्काला विचारायचं अजून बाकी होतं, ती गोष्ट वेगळी.

मुलाला आई नव्हती. आत्यानं वाढवलेलं. त्यामुळं सासू म्हणा, सासरा म्हणा, सगळं त्या आत्याबाईच. अंगानं ठेंगण्या, पण आवाज असा की आमच्या ओट्यावर बोलल्या की पलीकडच्या गोठ्यातली म्हैस वळून बघायची. स्वभाव वाईट नव्हता बरं का. फक्त एखाद्याची गंमत करायला लागल्या की समोरचा रडकुंडीला येईस्तोवर सोडायच्या नाहीत. नात्यातल्या एका सुनेनं कधीकाळी खारट पिठलं केलं होतं म्हणे. तिला चार लेकरं झाली तरी तिचं नाव आपलं पिठलंच.

सुपारीच्या दिवशी आमच्या बाबांनी सांगून टाकलं. बाबा शाळेत मास्तर, त्यामुळं घरीबी फळ्यासमोर उभं राहिल्यासारखंच बोलतात.

"लग्न साध्या पद्धतीनं होईल. बुद्धवंदना घ्यायची, हार घालायचे, जेवण करायचं. रुखवत-बिखवत काही नाही. तो निव्वळ दिखावा आहे."

"साधं तर साधं, मास्तर," आत्याबाई पान लावत म्हणाल्या. "आमचं काय म्हणणं न्हाई. पण पूर्णेच्या बायका मला पुसतीलच की, सुनबाईनं काय काय करून आणलं म्हणून. मी काय सांगू? पाटी कोरी हाय म्हणू?" मग आक्काकडं बघून, "का गं, शिवणाबिगर काय येतंय का न्हाई तुला?"

आक्काची मान खाली. आता ही बोलंल, मग बोलंल म्हणून मी दाराआडून वाट बघतेय, तर ही आपली पायाच्या अंगठ्यानं सारवण उकरायली. मला राहवलंच नाही.

"येतंय की! आक्का रुखवतात रेल्वे मांडणारंय! चालणारी!"

बाबांच्या हातातली बशी तशीच हातात. आत्याबाईंनी पान तोंडात टाकलं, सावकाश चावलं, अन् म्हणाल्या, "चालणारी? लय झ्याक. बघू की मग. आमच्या घरात तीन पिढ्या रेल्वेत गेल्या बरं. कोणती चालती अन् कोणती ढकलावी लागती, आमाला कळतंय."

पाहुणे गेल्याबरोबर आक्कानं मला चुलीपाशी गाठलं. तोंडात टाचण्या नव्हत्या तेव्हा.

"भवाने, तुला कुणी इचारलं होतं का? तू बोलून मोकळी. तिथं जन्मभर मला राहायचंय! गाडी न्हाई चालली तर मी मेले. भाकरी करपली तरी रेल्वे काढतील, पाण्याला उशीर झाला तरी रेल्वे काढतील. ती एक पिठलं झाली, मी रेल्वे होईन!"

तिनं एवढं लांबलचक बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. माय म्हणाली, "आता शब्द गेलाय ना तोंडातून, करा मग." बाबा म्हणाले, "मी दिखावा नको म्हणालो होतो," अन् दुसऱ्याच दिवशी फूटपट्टी घेऊन बसले.

इंजिन होतं आमच्याकडं. परभणीच्या उरसातून आणलेलं, पत्र्याचं, चावीचं. चावी दिली की घर्रर करत सरळ पळायचं, भिंतीला जाऊन धडकायचं अन् उलटं पडून पाय झाडल्यासारखी चाकं फिरवायचं. प्रश्न डब्यांचा होता. डबे काड्यापेट्यांचे करायचे ठरले. मालगाडी! मानवतच्या बाजारातनं जातं तेच सगळं भरायचं. एका डब्यात कापसाच्या गाठी, एकात ज्वारी, एकात तूर, एकात सुपारीएवढाले शेंगदाण्याचे लाडू, अन् शेवटी गार्डाचा डबा.

"प्रमाण बघा, प्रमाण," बाबा म्हणायचे. त्यांनी काडीपेटी मोजली, खऱ्या डब्याची लांबी कुठूनतरी काढली, पाटीवर भागाकार केला अन् गंभीर चेहऱ्यानं आले. "या प्रमाणात तुमचा एक लाडू आपल्या घराएवढा होतो."

"मग काय करू? मोहरीएवढा वळू?" माय म्हणाली. प्रमाणाचा विषय तिथंच मिटला. मिटला म्हणजे मायपुरता मिटला, बाबा मनात भागत राहिले.

चाकं आक्काच्या बटणांच्या डब्यातनं काढली. रेल्वेच्या चाकाला कड असते ना, रुळावरून घसरू नये म्हणून? तर शर्टाचं बारीक बटण घ्यायचं अन् त्याला कोटाचं मोठं बटण लाखेनं चिकटवायचं, झालं कडेचं चाक! ही युक्ती माझी. (आक्का म्हणते तिची. पण आत्ता लिहायलंय कोण?) दोन चाकांना जोडणारा दांडा म्हणजे उदबत्तीची काडी. आमच्याकडं रोज वंदनेला उदबत्ती लागायची, उरलेल्या काड्यांची जुडीच्या जुडी माय चूल पेटवायला ठेवायची, ती सगळी रेल्वेनं खाल्ली. अन् काडी गरगर फिरावी म्हणून ती पेनाच्या रिकाम्या कांडीतनं घालायची. कांडीचे तुकडे पेटीच्या बुडाला चिकटवलेले. किती सोपं, न्हाई का?

पहिला डबा तयार केला, जमिनीवर ढकलला, तर तो लंगडायला लागला! अक्षरशः एक पाय आखूड असल्यासारखा. खाली-वर, खाली-वर. मी हसून हसून आडवी. आक्कानं चाक डोळ्याजवळ नेलं अन् म्हणाली, "अगं, बटणाची भोकं मधोमध कुठं असतेत? चारी कडंला असतेत." मग दाभण तापवून प्रत्येक बटणाच्या बरोब्बर मधोमध नवं भोक पाडावं लागलं. घरभर जळक्या बटणांचा वास. शेजारच्या काकू विचारायला आल्या, काय जळायलंय म्हणून. माय म्हणाली, "रेल्वे."

लंगडणं थांबलं. मग रूळ. बाबांनी शाळेतल्या मोडक्या बाकाची लांब फळी आणली, तिच्यावर कुंपणाची तार सरळ करून दोन ओळींत ठोकली. एका टोकाला पुठ्ठ्यावर सुवाच्य अक्षरात 'मानवत रोड', मधी 'पेडगाव', पुढं 'परभणी', अन् दुसऱ्या टोकाला 'पूर्णा'. डबा रुळावर ठेवला, ढकलला, अन् तो पेडगावच्या आधीच खाली. परत ठेवला, परत खाली. प्रत्येक डबा तसंच करायला लागला. जणू सगळ्यांचं पेडगावच्या अलीकडं काहीतरी काम होतं.

"खरी बघून यायला पाहिजे," बाबा म्हणाले. मला सायकलच्या मागं बसवून त्यांनी मानवत रोड स्टेशन गाठलं. नशिबानं मालगाडी उभी होती. बाबा सायकलला कुलूप लावायलेत तोवर मी फलाटाच्या कडेला उकिडवी बसून, मान खाली घालून चाकं बघायला लागले. तेवढ्यात मागनं आवाज.

"ए पोरी! काय करायलीस तिथं?" रेल्वेतला माणूस होता, खाकी कपड्यातला.

"चाकं बघायलेय."

तो जरा मऊ झाला. "घरी भांडण-बिंडण झालंय का, बाई?"

"न्हाई हो. आमच्या आक्काचं लग्न हाय."

"मग लग्न आक्काचं हाय तर तू कशाला जीव द्यायलीस?"

तोवर बाबा पळत आले. "जीव नाही देत ती! चाकाची कड आतून आहे का बाहेरून, तेवढं बघायला आलोय आम्ही." त्या माणसानं बाबांकडं असं बघितलं की आता त्याला आमच्या दोघांचीही काळजी वाटायला लागली. पण कड दिसली. आतून होती! आम्ही बाहेरून लावली होती. मोठं बटण दिसायला छान म्हणून आम्ही ते बाहेर मिरवत ठेवलेलं.

अन् तिथंच मी डबे एकमेकांना कसे जोडतात तेही बघून घेतलं. दोन डब्यांच्या मधोमध, एका डब्याचा आकडा निघून दुसऱ्याच्या खाचेत अडकलेला. मी एकच जोड बघितला, कारण तो खाकीवाला दुसरा बघू देईना. घरी येऊन आधी सगळी चाकं फिरवून लावली, मोठं बटण आत, अन् मग आक्काला सांगितलं, "एका डब्याला आकडा असतो, तो दुसऱ्यात अडकतो."

"म्हणजे ब्लाउजसारखं," आक्का म्हणाली. "एका बाजूला हूक, एका बाजूला कडी."

"सेम!"

आता तुम्हीच सांगा, बाईमाणसाला यात काही चूक वाटेल का? जन्मापासून ब्लाउज बघितलेत. एका पट्टीला सगळे हूक, दुसऱ्या पट्टीला सगळ्या कड्या. दोन्हीकडं दोन्ही असलेला ब्लाउज कुणी शिवलाय का?

मग काय, आक्का सुटली! हे तिचंच राज्य होतं. प्रत्येक डब्याच्या पुढच्या तोंडाला दोऱ्याची कडी, मागच्या तोंडाला हूक. नुसत्या पुठ्ठ्यात टाका टिकेना, पहिल्याच ओढीला फाटला, तर तिनं आतनं अस्तराच्या कापडाची पट्टी चिकटवली अन् तिच्यात टाके घातले. इंजिनाच्या पत्र्यात सुई जाईना, तर त्याच्याही मागं लाखेनं कापडाची पट्टी चिकटवून तिच्यावर हूक शिवला. कड्या आधी लांब झाल्या. इंजिन निघालं की डबे एकामागं एक हिसके खायचे अन् लाडवांच्या डब्यातनं लाडू उड्या मारायचे. मग कड्या आखूड केल्या. मग हूक कडीपेक्षा वर आला. मग परत उसवलं. लग्नाचे ब्लाउज शिवायला टाकायला आलेल्या बायका दारात उभ्या, अन् आक्का म्हणायची, "थांबा मावशी, मालगाडीचं माप चाललंय."

इंजिन रुळांपेक्षा अरुंद होतं, ते रुळांवर बसेना. ते आपलं दोन रुळांच्या मधून फळीवरनंच पळायचं. पण पळायचं सरळ. चावी अर्धीच द्यायची, पूर्ण दिली की पिसाळल्यासारखं करायचं. शेवटी एका दुपारी सगळं जुळलं. मानवत रोड, पेडगाव, परभणी, पूर्णा! एकही डबा न पडता. बाबांनी टाळी वाजवली. वाजवून झाल्यावर त्यांना आठवलं की आपण दिखाव्याच्या विरुद्ध आहोत.

लग्न शाळेच्या आवारात होतं. रुखवत एका वर्गात मांडलेलं. बाकांवर फळी, फळीवर गाडी, बाजूला शेवया, कुरड्या, विणलेले रुमाल. सकाळच्या गाडीनं वऱ्हाड मानवत रोडला उतरलं अन् बैलगाड्यांतनं आलं. आत्याबाई सगळ्यात पुढं. हातपाय धुतले, चहा घेतला, अन् पहिला प्रश्न, "कुठंय ती चालणारी?"

वर्गात बायकांची ही गर्दी. आक्का पलीकडच्या वर्गात पांढरं पातळ नेसून तयार होऊन बसलेली. मधल्या दाराला पडदा होता. पडद्याखाली मला तिची पावलं दिसत होती, अन् ती पावलं काही एका जागी नव्हती.

आत्याबाईंनी वाकून, डोळे बारीक करून गाडी बघितली. "मास्तर, डबे रुळावर हायेत अन् इंजिन जमिनीवरनं?"

"ते... इंजिन उरसातलं आहे," बाबा म्हणाले.

"मग डब्यालाबी न्यायचं की उरसाला!"

बायका खो खो हसल्या. मी अर्धी चावी दिली. सोडलं. अन् काय सांगू तुम्हाला! घर्रर करत गाडी निघाली, ज्वारी निघाली, कापूस निघाला, लाडू एवढासुद्धा हलला नाही. पेडगाव गेलं, परभणी गेली, पूर्णेला जाऊन इंजिन फळीच्या टोकाच्या ठोकळ्याला टेकलं. टाळ्या! मायनं डोळ्याला पदर लावला. मी पडद्याकडं बघितलं, पावलं थांबली होती.

आत्याबाईंनीही मान हलवली. "चालती खरी." मग अशा थांबल्या जणू आताच काहीतरी सुचलंय. "आता आणा की परत."

"परत?"

"परत! आमची गाडी काय पूर्णेलाच मुक्काम करती का? इंजिन काढायचं, दुसऱ्या तोंडाला लावायचं, अन् चल मानवतला."

त्यात काय एवढं, म्हणून मी इंजिन उचललं, फिरवलं, गार्डाच्या डब्यामागं नेऊन लावलं. अन् मग माझ्या लक्षात आलं. इंजिनाच्या मागं हूक. गार्डाच्या डब्याच्या मागंही हूक. हूक अन् हूक! कडी कुठंच न्हाई. मी एकात एक अडकवायला बघितलं, निसटलं. परत अडकवलं, परत निसटलं. तिसऱ्यांदा अडकल्यासारखं वाटलं, म्हणून हात काढला, तर इंजिन एकटंच घर्रर करत सुसाट मानवतला! डबे सगळे पूर्णेलाच.

असा हशा मी आयुष्यात ऐकला नाही. एक बाई तर कुरडईवर बसली.

आत्याबाईंनी हसू ओसरू दिलं, अन् मग बाबांना म्हणाल्या, "असं हाय तर. तुमची गाडी येती, पर जात न्हाई. बरं झालं बाई, आधीच कळलं. म्हणजे पोरगी पूर्णेला आली की आली! दिवाळी न्हाई, पंचीम न्हाई. माहेराला जुळतच न्हाई तर जाणार कशी?"

पुन्हा हशा. गंमतच होती, मला कळत होतं. पण मला पिठलंही आठवत होतं. बाबांनी उगंच पूर्णेची पाटी सरळ केली.

"नवरदेवाला बोलवा," कुणीतरी म्हणालं. "त्याचंच काम हाय की हे!" अन् खरंच बोलवून आणला. नवे कपडे, केसाला तेल. लाजत लाजत फळीपाशी उकिडवा बसला, पण डबा हातात घेतल्यावर लाज गेली. उलटा केला, चाकं फिरवली, हूक बघितला. "कुणी केलंय हे?" असं हळूच विचारलं. मी पडद्याकडं बोट दाखवलं. त्यानं तिकडं बघितलं अन् लगेच परत डब्याकडं.

"आत्या, हे जुळणार न्हाई. आपल्या डब्याला दोन्ही तोंडाला आकडा असतो, अन् अडकवायची जागाबी दोन्हीकडं. एकच वापरतो आपण, दुसरा लोंबत राहतो. म्हणून कसंबी फिरवा, जुळतंय." मग जरा विचार करून, "डबे एकेक उचलून उलटे ठेवले तर जुळतील."

"यार्डात ठेवतोस का उचलून?" आत्याबाई म्हणाल्या. त्यानं डबा परत रुळावर ठेवला.

तेवढ्यात पडदा हलला अन् आक्का बाहेर आली! लग्न लागायच्या आधी, नवरी, अख्ख्या वऱ्हाडासमोर. माय "अगं, अगं" करतेय तोवर ती येऊन फळीच्या अलीकडं बसली. पलीकडं नवरदेव. आक्कानं पदराच्या आतनं सुई काढली, दोरा ओवलेली. सकाळपासून मावश्या-काकूंचे ब्लाउज घट्ट-सैल करत होती, ती सुई तशीच टोचून राहिलेली. मग तिनं इंजिन उचललं, माझ्याकडं न बघता "चावी दे" म्हणाली. मी घाबरून पूर्णच दिली. आक्कानं ते गुरगुरणारं इंजिन सरळ आत्याबाईंच्या हातात दिलं.

"आत्याबाई, जरा धरता का? हलू देऊ नका."

आत्याबाईंनी दोन्ही हातांनी धरलं, चाकं अंगठ्यांनी दाबून. आक्का इंजिनाच्या मागच्या पट्टीवर, हुकाच्या शेजारी, टाके घालायला लागली. एक, दोन, दोऱ्याला दोऱ्याचा वेढा.

"अगं, हे लय गुरगुरायलंय," आत्याबाई म्हणाल्या. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. "सुटतंय की काय!"

"घट्ट धरा," आक्का म्हणाली. मान वर न करता, हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "तुमी मधीच सोडलं तर मी माहेरी जायची कशी?"

नवरदेवच पहिल्यांदा हसला, मोठ्यानं. त्याच्या मागं बायका. आत्याबाईंचं तोंड उघडंच राहिलं. हात गुंतलेले, पदर तोंडाला लावायचीही सोय नाही. त्या आक्काकडं बघतच राहिल्या, अन् मग त्यांच्या पोटातनं हसू आलं, ते असं की इंजिनासकट हलायला लागल्या.

"हलू नका!" आक्का ओरडली. सासूवर! लग्नाच्या आधी!

"न्हाई हलत बाई, न्हाई हलत. शिव तू."

आक्कानं दोरा दातानं तोडला. आत्याबाईंनी इंजिन खाली टेकवलं. नवरदेवानं नव्या कडीत गार्डाच्या डब्याचा हूक अडकवला, सवयीनं एक हिसका देऊन बघितला, अन् हात बाहेर काढून झेंडी दाखवल्यासारखा वर केला.

"सोडू का?" आत्याबाईंनी विचारलं. कुणाला? आक्काला!

"सोडा."

त्यांनी अंगठे उचलले. पूर्ण चावीचं इंजिन, पण गाडी न हिसकता निघाली. परभणी, पेडगाव, मानवत रोड. शेवटी ठोकळ्यावर आपटून एक लाडू सांडला, तो बाबांनी उचलून खाल्ला. प्रमाणाबद्दल एक शब्द बोलले नाहीत.

बाहेरून वंदना घेणारे काका दारात आले. "चला, वेळ झाली. नवरा-नवरी दोघंही इथंच आहेत का? बरं, चला."

"थांबा हो जरा," आत्याबाई फळीपाशी ठाण मांडून म्हणाल्या. इंजिन त्यांच्याच हातात होतं, अन् त्या मला चावी मागत होत्या. "गाडी आत्ताच माहेरी गेलीय. पूर्णेला परत येऊ द्या, मग लावा लग्न."